तीन पाडवे आणि पोहण्याचा हंगाम

कोल्हापुरात पोहण्याचा हंगाम पाडव्याला उघडतो आणि मिरगाला मोडतो. परीक्षा संपत आलेल्या असतात, अंबाई टँकवर आणि रमणमळ्यातल्या तलावावर सकाळच्या बॅचला गर्दी होते, पेठापेठांतली पोरं जमून आपापली टीम करतात. जूनमध्ये पाऊस लागला की दोरीवरचे टॉवेल वाळेनासे होतात आणि टीम आपोआप घरी बसते. नऊ-दहा आठवड्यांचा खेळ, बस्स.

२०२०चा पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. २०२१चा पाडवा १३ एप्रिलचा. राज्यातले पोहण्याचे तलाव ५ एप्रिललाच बंद झाले होते आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आणखी कडक झाले. २०२२चा पाडवा २ एप्रिलला आला आणि त्याच दिवशी राज्यातले सगळे करोना निर्बंध उठले. दोन पाडवे कोरडे गेले, तिसऱ्याला पाणी मिळालं.

मधल्या काळात दारं थोडी किलकिली झाली होती. केंद्राने १५ ऑक्टोबर २०२०पासून खेळाडूंच्या सरावासाठी तलाव वापरायला परवानगी दिली, १ फेब्रुवारी २०२१पासून सगळ्यांसाठी. पण उन्हाळी टीममधलं पोर 'खेळाडू' या शब्दात बसत नव्हतं, आणि पुढे सगळ्यांना मोकळीक मिळाली ती जेमतेम दोन महिने टिकली. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे, २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणणारा, त्यानेही जून २०२०मध्ये तलाव बंद असल्यामुळे निवृत्तीचा विचार करावा लागेल असं जाहीरपणे म्हटलं होतं. तिथे गल्लीतल्या टीमची काय कथा.

अशा काळात टीम कशी चालवायची याचा हिशेब एका जागी असावा, म्हणून हे लिहितोय. सगळ्यात आधी एक गोष्ट: करोनाचा धोका पाण्यात कमी आणि काठावर जास्त असतो. दोन वर्षं पालक पाण्याला घाबरले आणि काठाकडे फारसं कुणी बघितलं नाही.

पाण्याचं आधी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२१मध्ये तलावाच्या पाण्यात करोनाचा विषाणू घालून बघितला. लिटरला १.५ मिलिग्रॅम मुक्त (घाण-घामाशी न बांधलेलं) क्लोरीन आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७ ते ७.२ असेल, तर ३० सेकंदांत विषाणूची लागण करण्याची ताकद हजारपटीहून जास्त घटते. म्हणजे नीट राखलेलं पाणी आपलं काम करतं. अडचण 'नीट राखलेलं' या दोन शब्दांत आहे.

हिशेब असा. तलाव २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरा. पाणी भरलं ४६९ घनमीटर, म्हणजे जवळपास ४ लाख ७० हजार लिटर. यात क्लोरीन १ पीपीएमने, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅमने, वाढवायला ४६९ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्या पोत्यावर ३३ टक्के क्लोरीन लिहिलेलं असतं. त्या आकड्याने १ किलो ४०० ग्रॅम पावडर पुरेल. पण पोतं उघडून महिना झाला असेल, गोडाऊन दमट असेल, तर ताकद २५ टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येते आणि तेवढ्याच कामाला १ किलो ९०० ग्रॅम लागते. दोन वर्षं बंद असलेल्या तलावावरचं जुनं पोतं तर हिशेबात धरूच नका, नवं आणा. पावडर थेट तलावात फेकू नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग पावडर, लाकडी काठीने ढवळायचं, अर्धा तास निवळू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी काठाने फिरवत सोडायचं. खाली उरतो तो चुना. तो तलावात गेला तर पाणी दुधाळ होतं आणि फिल्टरची वाळू बसते. पीएच उतरवायच्या अॅसिडचं भांडं, टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच, पण वेगळ्या रसायनाच्या) गोळ्या आणि टीसीएल या तीन गोष्टी एका खोलीत शेजारी ठेवू नका, आणि एकीचं माप दुसरीला वापरू नका. अॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीनचा वायू सुटतो. गोळ्या आणि ब्लीचिंग ओलसर जागी एकत्र आले तर आग लागते.

आता ऊन. आपले बरेचसे तलाव उघडे. एप्रिलच्या कडक उन्हात उघड्या पाण्यातलं क्लोरीन दोन तासांत बहुतेक संपतं. म्हणून डोस सूर्य मावळल्यावर द्यायचा आणि प्रत्येक बॅचच्या अर्धा तास आधी पाणी तपासायचं. सकाळी ६ला २ पीपीएम होतं, म्हणून ९च्या बॅचलाही असेलच असं धरून चालू नये. ओटी टेस्टचा (पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) पिवळा रंग पहिल्या १० सेकंदांत वाचायचा. त्यानंतर रंग गडद होत जातो, पण तो घामाशी आणि लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा. तो वाचून 'भरपूर आहे' म्हणणं ही तलावावरची सगळ्यात नेहमीची चूक. जमलं तर डीपीडीचं किट घ्या, त्यात मुक्त आणि बांधलेलं क्लोरीन वेगवेगळं कळतं.

पीएचकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि अर्धं क्लोरीन तिथेच वाया जातं. पीएच ७.२ असताना मुक्त क्लोरीनमधला साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ला जेमतेम पाव. टीसीएल स्वतः पीएच वर नेतं. म्हणजे नुसती पावडर वाढवत गेलात तर खर्च वाढतो आणि काम घटतं. ७.२ ते ७.६च्या मध्ये धरा, क्लोरीन १.५ ते ३. डोळे झोंबायला लागले, उग्र वास यायला लागला की 'क्लोरीन जास्त झालंय' म्हणून डोस थांबवतात. उलट असतं. तो वास बांधलेल्या क्लोरीनचा, म्हणजे मोकळं क्लोरीन कमी पडल्याचा. बांधलेलं जितकं असेल त्याच्या दसपट डोस संध्याकाळी एकदम द्यायचा, तलाव बंद ठेवायचा आणि आकडा ३च्या खाली आल्यावरच उघडायचा. आणि पोरांना पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ. ही सवय लावली तर वरचा सगळा त्रास निम्म्यावर येतो.

दोन वर्षं पडून राहिलेला तलाव उघडताना वेगळी काळजी. पाणी हिरवं झालेलं, डासांच्या अळ्या, फिल्टरची वाळू ढेकळासारखी. वाळू बदलायची, कारण नुसत्या बॅकवॉशने, म्हणजे उलटं पाणी सोडून धुतल्याने, आतला चिकट थर जात नाही. पूर्ण उपसायचा असेल तर तो उन्हाळ्यातच. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना तलाव रिकामा केला तर खालच्या दाबाने तळ उचलतो आणि फरशी फुटते. पुन्हा भरायला १० हजार लिटरचे ४७ टँकर लागतील, तेव्हा उपसण्याआधी वाचवता येतं का ते बघा. पंपाने सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरवलं पाहिजे, म्हणजे ताशी ७८ घनमीटर. तेवढा पंप चालत नसेल तर बॅचमधली पोरं कमी करा. आणि एक नियम कुणासाठीही मोडायचा नाही: खोल बाजूचा तळ काठावर उभं राहून स्वच्छ दिसला नाही, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. गढूळ पाण्यात तळाला गेलेलं पोर वरून दिसत नाही.

आता काठ. करोना पसरत होता तो श्वासातून, आणि पोहणारा भिंतीला आला की धापा टाकतो. एका लेनमध्ये सहा पोरं आणि सहाही एकाच भिंतीला लटकून तोंडाजवळ तोंड आणून बोलतायत, हे दृश्य प्रत्येक तलावावरचं. तेवढं मोडलं तरी बरंच साधतं. पाच लेन असतील तर प्रत्येक लेनमध्ये तीनच पोरं: एक खोल बाजूच्या भिंतीला, एक उथळ बाजूच्या भिंतीला, आणि एक उथळ बाजूलाच भिंतीपासून सहा मीटरवर, दोरी धरून उभं. खोल बाजूला मध्ये थांबवायचं नाही, तिथे पाय टेकत नाहीत. शेजारच्या लेनमध्येही कोपरा तोच ठेवायचा: इकडचा भिंतीवरचा डाव्या कोपऱ्यात असेल तर तिथलाही डाव्या, नाहीतर दोघं एकाच दोरीला येतात. सरासरी पोर २५ मीटरला २५ सेकंद घेतं. मागचा १० सेकंदांनी सोडला की मध्ये १० मीटर राहतात. अशी १५ पोरं, ४५ मिनिटांची बॅच आणि मध्ये १५ मिनिटं रिकामी. ती १५ मिनिटं फक्त एवढ्यासाठी की जाणारी आणि येणारी बॅच फाटकात एकमेकांना भिडू नये. दोन फाटकं असतील तर एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर.

कपडे बदलायची खोली बंद. पोरानं कॉस्च्युम घरूनच घालून यायचं, वर टी-शर्ट आणि पँट, आणि परत जाताना टॉवेल गुंडाळून तसंच घरी. मुलींची यात अडचण होते, त्यांच्यासाठी एक खोली उघडी ठेवा, पण एका वेळी एक, आणि मधल्या वेळात दार-खिडक्या सताड उघड्या. मास्क पाण्यापर्यंत घालून यायचा, पाण्यात कधीच नाही, कारण ओला मास्क नाकातोंडाला चिकटतो आणि श्वास कोंडतो. तो नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवायचा. गॉगलच्या डबीत कोंबला तर तो ओला होतो आणि मग पोर परत जाताना घालतच नाही.

गॉगलवरून आठवलं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आत थुंकायची किंवा जिभेने पुसायची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि मग तोच गॉगल 'जरा दे रे' म्हणून मित्राला. त्याऐवजी घरून निघताना लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब बोटाने आतून फिरवून हलकं धुऊन आणायचं. काठावरच्या पन्हाळीत थुंकणं, नाक शिंकरणंही बंद. पन्हाळीतलं पाणी फिल्टरमधून येतं हे खरं, पण पुढच्या पोराचा हात आधी त्या पन्हाळीच्या कडेवर पडतो. किकबोर्ड, पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा फोम) ज्याचं त्याचं, जाळीच्या पिशवीत. सामायिक ट्यूब आणि डबे काढून टाका. कोचची शिट्टी ही फुंकायची वस्तू आहे. हात वर करून इशारा किंवा बॅटरीवरची शिट्टी वापरा. कोचनं ओरडणं कमी करायचं आणि सेट फळ्यावर लिहायचा.

पुसायचं काय, तर हात लागतो तेवढंच: शिडीचे दांडे, नळ, कडी, बाक. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम टीसीएल, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. पुसून १० मिनिटं राहू द्या, मग स्टीलचे दांडे साध्या पाण्याने धुवा, नाहीतर महिन्यात गंजतात. फाटकात पोरांच्या अंगावर फवारणी करायचे बोगदे २०२०मध्ये जागोजागी लागले होते. केंद्राच्या आरोग्य खात्याने त्याच एप्रिलमध्ये सांगितलं होतं की माणसांवर फवारू नका, डोळे आणि कातडीला इजा होते.

जीवरक्षकाचा प्रश्न या काळात सगळ्यात अवघड, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. बुडालेल्या माणसाचं हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून नुसतं छाती दाबून भागत नाही, श्वास द्यावाच लागतो. संसर्गाच्या भीतीने श्वास टाळला तर पोर हातचं जातं. म्हणून काठावर एकेरी झडपेचा पॉकेट मास्क आणि फुगा असलेला अंबू बॅग हवा, आणि वापरता येणारी दोन माणसं. आधी पाच श्वास, मग ३० दाब आणि दोन श्वास, हाच क्रम, रुग्णवाहिका येईपर्यंत. पाण्यात उडी मारण्याआधी लांब बांबू आणि दोरीची ट्यूब वापरायची, म्हणजे वाचवणाराही दूर राहतो.

तलाव बंद म्हणून पोरं पाणी सोडत नाहीत. पंचगंगेचा घाट, कळंबा तलाव, रंकाळ्याजवळची इराणी खण (पाणी साचलेली जुनी दगडाची खाण), आणि उसाच्या रानातल्या विहिरी. खणीत अजिबात नको. कडा सरळ तुटलेल्या असतात, बाहेर यायला पायरी नसते आणि खोली एका पावलात बदलते. विहिरीबद्दल मत वेगळं आहे. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकल्या. घरचीच विहीर, घरचीच माणसं असतील तर टाळेबंदीत तीच खरी सोय होती. पण तीन गोष्टी बघा. पहिली, मोटार. पुष्कळ ठिकाणी ऑटो स्विच लावलेला असतो, थ्री फेज लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. नुसतं बटण बंद करून चालत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. पाण्यात सोडलेल्या मोटारीची केबल जुनी असेल तर करंट पाण्यात उतरतो, आणि तो दिसत नाही. दुसरी, खोली. एप्रिल-मेमध्ये पाणी आठवड्याला खाली जातं. मागच्या रविवारी जिथून सूर मारला तिथे या रविवारी खडक वर आलेला असतो. दर वेळी बांबूने मापा. तिसरी, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा आडवा दोर बांधून ठेवा आणि दोन मोठी माणसं हजर, त्यातलं एक काठावर कोरडं. सराव म्हणाल तर विहिरीत लॅप होत नाही. उभ्याने किक मारत हात पाण्याबाहेर ठेवणं, २० सेकंद काम आणि ४० सेकंद विश्रांती, दहा वेळा. पायांना याहून चांगला व्यायाम तलावातही मिळत नाही.

घरातल्या व्यायामाचं थोडक्यात. सायकलची जुनी ट्यूब वॉल्व्हपाशी कापून खिडकीच्या गजाला मध्यावर बांधा, कमरेत वाका आणि कोपर वर ठेवून मांडीपर्यंत ओढा. १५चे तीन सेट पुरेत. ट्यूबला चिरा पडल्या असतील तर तुटून तोंडावर येते, म्हणून आधी ताणून बघा. तालमीच्या गावात जोर-बैठका सांगायला नकोत, पण पोहणाऱ्या पोराने शंभर जोर मारून खांदे आखडून घेऊ नयेत. २५ पुरे, आणि त्यानंतर खांद्याचं ताणणं.

२०२२च्या हंगामात मोठा धोका नवशिक्यांचा नव्हता. नवशिका घाबरतो, काठ धरून असतो. धोका होता तो २०१९मध्ये अर्धवट शिकलेल्या पोरांचा. वय तीन वर्षांनी वाढलेलं, हातपाय लांब झालेले, डोक्यात पक्कं की 'मला येतं', आणि श्वासाची लय पार गेलेली. अशा प्रत्येकाची चाचणी घ्या: न थांबता ५० मीटर आणि पाय न टेकता दोन मिनिटं पाण्यावर राहणं. हे झाल्याशिवाय खोल बाजूला नाही, मग वय १४ असो नाहीतर २०१९चं मेडल गळ्यात असो.

पहिला आठवडा तीन दिवस, दिवसाला ६०० मीटर: २५ मीटर आठ वेळा सावकाश, मध्ये ३० सेकंद, २५ मीटर आठ वेळा किक, चार वेळा ड्रिल (तंत्राचा सराव), शेवटी १०० मीटर आरामात. दुसऱ्या आठवड्यात ८००, तिसऱ्यात हजार, चौथ्यात १२००. बटरफ्लाय तिसऱ्या आठवड्यापर्यंत नाही. पहिल्याच आठवड्यात बटरफ्लाय मारलेली पोरं दुसऱ्या आठवड्यात खांदा धरून बसतात. सूर आधी काठावर बसून, मग उभ्याने, नेहमी खोल बाजूला. वजन वाढलेलं पोर जुन्या अंदाजाने उडी मारतं आणि तळापर्यंत जातं.

करोना होऊन गेलेल्या पोराला, तेव्हाच्या सल्ल्याप्रमाणे, आजार सुरू झाल्यापासून किमान १० दिवस विश्रांती, त्यात शेवटचे सात दिवस कोणतंही लक्षण नको, आणि मग आठवडाभर हळूहळू चढवत पाण्यात. छातीत दुखणं, धडधड, नेहमीपेक्षा जास्त दम लागणं, यातलं एकही दिसलं तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा नाही. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायची चाचणी तेव्हा घरोघरी माहीत होती: आकडा ९३च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त उतरला तर थेट दवाखाना. पण ती आजारपणातली चाचणी आहे. आकडा ९८ आला म्हणून पोर शर्यतीला तयार आहे असा अर्थ काढू नका.

स्पर्धा भरवता येत नसेल तेव्हा प्रत्येक टीमने आपापल्या तलावावर वेळ घेऊन एकमेकांना पाठवायची, हा मार्ग चांगला आहे. भांडणं होतात ती मापावरून. तलाव स्टीलच्या टेपने मापा. २५ म्हणून बांधलेला तलाव गिलावा आणि फरशी बसल्यावर थोडा आखूड निघू शकतो. प्रत्येक लेनला तीन घड्याळं असतील तर मधली वेळ धरायची, दोन असतील तर सरासरी. सुरुवात झेंडा खाली येताच दाबायची, शिट्टी ऐकून नव्हे, कारण दुसऱ्या टोकाला आवाज पोहोचायला सेकंदाचा चौदावा भाग जातो. मोबाइल स्टँडवर, सुरुवात आणि शेवट एकाच अखंड चित्रणात. चौघांच्या रिलेसाठी चार वेगळ्या वेळा जोडल्या तर बेरीज नेहमीच्या रिलेपेक्षा जास्तच येते, कारण अदलाबदलीच्या वेळी मिळणारा पुढावा तीन पोरांना मिळत नाही. म्हणून ती बेरीज जुन्या विक्रमांच्या वहीत लिहू नका, वेगळं पान करा.

शर्यती सकाळी ७ ते १० ठेवा. मेमध्ये चारच्या सुमाराला पन्हाळ्याकडून वळीव चढतो. पहिला गडगडाट ऐकला की सगळ्यांनी पाण्याबाहेर, शर्यत अर्ध्यात असली तरी. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी पाय बुडवायचा नाही.